उपक्रम झाला, उपसंहार कुठे आहे?

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



शेतीची कामं बाजूला ठेवून तुम्ही आलात, त्याबद्दल आधी आभार. मागे भिंतीला टेकून हायस्कुलाची पोरं-पोरी बसलेली दिसतात. त्यांना कंटाळा आला तर मधूनच उठून जायची मोकळीक आहे. मोठ्यांना नाही.

विषय दिलाय 'गावचं हायस्कूल आणि त्याचे उपक्रम'. मी शिक्षणशास्त्राचा माणूस नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे बऱ्याच वेळा रिकाम्या बाकांना शिकवलं. पण तत्त्वज्ञानवाल्याला एक खोड लागते. सगळे ज्या शब्दावर माना डोलावतात तो शब्द उचलायचा आणि विचारायचं, बाबा, तुझा अर्थ काय? आज तो शब्द आहे 'उपक्रम'.

कुठल्याही शाळेत जा. मुख्याध्यापक आधी चहा विचारतात, मग म्हणतात, "सर, आमची शाळा उपक्रमशील आहे." आणि एक जाड फाइल समोर येते. वृक्षारोपण, वाचन प्रेरणा दिन, योगदिन, स्वच्छता पंधरवडा, हात धुवा दिन, प्रभातफेरी, वक्तृत्व, रांगोळी. प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाखाली तारीख. मी ती फाइल आदरानं पाहतो, कारण तिच्यामागे कुणाची तरी रात्र गेलेली असते. पण फाइल मिटल्यावर मला काही प्रश्न पडतात. आज ते तुमच्यासमोर मांडतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आज मी कुठल्याही एका शाळेवर बोलत नाही. जिल्हा परिषदेचं हायस्कूल असो की अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचं, जिथे जनतेच्या पैशातून पगार होतो आणि कुणाचंही लेकरू ज्या दारातून आत येऊ शकतं, त्या सगळ्या हायस्कुलांविषयी बोलतोय. अमडापूरसारखं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. चिखली–खामगाव रस्त्यावरचं, आजूबाजूच्या खेड्यांचा राबता असलेलं. अशा गावातल्या हायस्कुलात फक्त गावचीच पोरं नसतात. शेतातून, वाडीवरून, सायकलवर, एसटीनं आलेली असतात. ज्यांना परवडतं ती सकाळी व्हॅनमध्ये बसून शहराकडे जातात. मागे उरतात ती ज्यांना ही एकच शाळा आहे. म्हणून इथला प्रश्न मला शहरातल्यापेक्षा जास्त गंभीर वाटतो.

आता शब्दाकडे येऊ. 'उपक्रम' हा शब्द आपण आज 'कार्यक्रम' या अर्थानं वापरतो. मूळ संस्कृतात उपक्रम म्हणजे आरंभ. आपल्या मीमांसकांनी त्याचा फार नेमका उपयोग केला आहे. एखाद्या ग्रंथाला खरोखर काय म्हणायचंय, म्हणजे त्याचं तात्पर्य कोणतं, हे कसं ठरवायचं? त्यांनी सहा खुणा सांगितल्या. पहिली, उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकमेकांशी जुळतात का. दुसरी, अभ्यास, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का. तिसरी, अपूर्वता, म्हणजे दुसरीकडून कळलं नसतं असं काही यातून कळतं का. चौथी, फल. पाचवी, अर्थवाद, म्हणजे स्तुती. सहावी, उपपत्ती, म्हणजे त्यामागे काही युक्तिवाद आहे का.

ही कसोटी पोथ्यांसाठी होती. मी आज ती शाळेच्या फाइलला लावणार आहे. मीमांसक रागावणार नाहीत, कारण शाळासुद्धा एक मजकूरच आहे आणि तिचं तात्पर्य काय हे कुणीतरी वाचायला हवं.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेसाठी शाळा पाहायला जाणाऱ्या मंडळींबरोबर मीही गेलो होतो. कुठली शाळा, कुठला तालुका, ते सोडा. शाळा छान रंगवलेली. बोलक्या भिंती, त्यावर पाढे, नकाशे, शास्त्रज्ञ. दारातच हात धुण्याचे आठ नळ, वर फलक. मी एक नळ फिरवला, पाणी नव्हतं. टाकी बसवली होती, जोडणी राहिली होती. त्याचं मला फार काही वाटलं नाही, गावात पाणीच नसेल तर शाळा काय करणार? पुढे व्हरांड्यात तक्रारपेटी होती. सुंदर, निळी, कुलूप लावलेली. तिथे नववीची एक मुलगी उभी होती. तिला विचारलं, "बेटा, ही पेटी कधी उघडतात?" ती म्हणाली, "माहीत नाही सर. पाहुणे येणार म्हणून लावली." मी विचारलं, "तू काही टाकलंस का त्यात?" तिनं आधी सरांकडे पाहिलं आणि मग मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला आजही सांगता येणार नाही.

गुणपत्रकात तक्रारपेटीच्या रकान्यात आम्ही बरोबरची खूण केली. मीही केली. पेटी होतीच ना! आजचं हे व्याख्यान त्या खुणेची परतफेड आहे असं समजा.

आता पहिली खूण घेऊ, उपक्रम आणि उपसंहार. शाळांवरच्या मोठ्या योजनांचा आपला इतिहास पाहिला की एक विलक्षण गोष्ट दिसते. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समिती नेमली गेली. विचार असा, की मूल हातानं काही उपयोगी काम करेल आणि त्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकेल. नई तालीम म्हणतात ती हीच. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ मध्ये मुदलियार आयोग आला. त्यानं सांगितलं बहुउद्देशीय माध्यमिक शाळा काढा, शेती, तंत्र, वाणिज्य शिकवा. १९६४ ते ६६ कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपले कोल्हापूरचे. त्या आयोगानं 'कार्यानुभव' आणला. १९७७ ला ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला नवं नाव दिलं, समाजोपयोगी उत्पादक कार्य. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा सहावीपासून व्यवसायाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस.

१९३७ ते २०२० म्हणजे ८३ वर्षं. या ८३ वर्षांत एकच चांगला विचार आपण पाच वेळा सुरू केला. कार्यानुभवाचा तास तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. खडू केले, कागदी फुलं केली, काथ्याचं पायपुसणं केलं, गुण मिळाले आणि पायपुसणं आईनं मोरीपुढे टाकलं. विचार वाईट नव्हता. पण आधीच्या प्रयोगाचं काय झालं, कुठे फसलं, कुठे जमलं, हे खालच्या शाळेला कुणी विचारलं नाही. पाच उपक्रम झाले, उपसंहार एकही नाही. जो माणूस दर वेळी पहिल्या पानापासूनच सुरू करतो, त्याला आपण वाचक म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कोठारी आयोगानं एक फार मोठी शिफारस केली होती, समान शाळा आणि शेजारशाळा. म्हणजे एका परिसरातली सगळी मुलं, तहसीलदाराची आणि सालदाराची, एकाच शाळेत. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात आला, कारण तो ४० मिनिटांत बसतो. शेजारशाळा आली नाही. ती वेळापत्रकात बसत नाही, ती समाजात बसवावी लागते.

दुसरी मोठी खूण म्हणजे अर्थवाद, स्तुती. अलीकडचं उदाहरण घेऊ. २०२४ च्या सुरुवातीला राज्यभर 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान झालं. शाळांचं १०० गुणांचं मूल्यांकन, आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस. त्याच वर्षी दुसरा टप्पाही झाला. मी याची टिंगल करणार नाही. कित्येक गावांत या निमित्तानं वर्षानुवर्षं पडलेली भिंत उभी राहिली, पालक कधी नव्हे ते शाळेत आले, परसबागा लागल्या. सुंदर शाळा हवीच. गरिबाच्या लेकरानं कळकट भिंतीच का पाहाव्या?

पण मूल्यांकनाचा तर्क पाहा. ज्या शाळेत शिक्षक पूर्ण आहेत, गावात दोन-चार दानशूर आहेत, मुख्याध्यापक दमदार आहेत, ती गुण मिळवते आणि बक्षीसही तिलाच जातं. ज्या हायस्कुलात गणिताची जागा रिकामी आहे, ती पहिल्या फेरीतच मागे पडते आणि तिला मिळतं प्रोत्साहन. म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्याला ताट, आणि जो उपाशी आहे त्याला टाळ्या! स्पर्धा हे उपचाराचं साधन नव्हे. दवाखान्यात सगळ्यात ठणठणीत रुग्णाला बक्षीस देत नाहीत.

त्याच मोहिमेत विद्यार्थ्यांच्या नावे मुख्यमंत्र्यांचं पत्र आलं होतं, आणि त्या पत्रासह पालक-विद्यार्थ्यांचा सेल्फी संकेतस्थळावर चढवायचा होता. मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचे हा माझा मुद्दा नाही, उद्या दुसरे येतील आणि त्यांचंही पत्र येईल. मुद्दा दिशेचा आहे. फोटो खालून वर जातो. वरून खाली काय येतं? पुढच्या फोटोची मागणी. एका गावात एका आजीनं मला विचारलं होतं, "गुरुजी, फोटो काढला म्हंजे शिकनं झालं का?" मीमांसक एवढंच म्हणाले असते, की नुसत्या अर्थवादावरून तात्पर्य ठरत नाही.

तसंच अटल टिंकरिंग लॅबचं. २०१६ पासून केंद्र सरकारनं ही योजना चालवली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. जिथे एखादा वेडा विज्ञानशिक्षक आहे तिथे ती लॅब जिवंत आहे, पोरं सुट्टीतही हलत नाहीत. जिथे तो नाही तिथलीही एक मी पाहिली. थ्रीडी प्रिंटरवर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच होतं. बिघडेल म्हणून कुणी हात लावला नव्हता. यंत्र आलं, पण ते मोडण्याची परवानगी आली नाही. आणि मोडल्याशिवाय शिकता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण, फल. इथे मी तुम्हाला एका उंबरठ्याकडे नेतो. आठवी आणि नववीच्या मधला उंबरठा.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ ला झाला, १ एप्रिल २०१० ला लागू झाला. तो ६ ते १४ वयाचा, पहिली ते आठवीचा. शाळा व्यवस्थापन समिती, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला, हे त्याच कायद्यानं दिलं. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. सरकारकडून मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. मुलगी नववीत गेली, की खिचडी थांबते, पुस्तकं विकत घ्यावी लागतात आणि शिक्षण हा तिचा कायदेशीर हक्क राहत नाही. वय साधारण चौदा. याच वयात घरात बोलणं सुरू होतं, "आता बस झालं शिकनं." याच वयात आई-बाप ऊसतोडीला निघाले तर धाकट्याला सांभाळायला ती लागते. आपल्या जिल्ह्यातून किती घरं कोयता घेऊन जातात, हे मी इथे सांगायची गरज नाही.

म्हणजे सगळ्यात जास्त आधार जिथे लागतो, नेमक्या त्याच पायरीवर आधार काढून घेतला आहे. चालू काय राहतं? उपक्रम. नववीला प्रभातफेरी आहे, रांगोळी आहे, सप्ताह आहेत, पंधरवडे आहेत. दुपारचं जेवण नाही. जे पोटाचं आणि हक्काचं, ते आठवीला थांबलं. जे फोटोचं, ते दहावीपर्यंत चाललं. शाळेच्या फाइलमध्ये हा उंबरठा दिसत नाही, कारण गळालेल्या मुलीचा फोटो नसतो.

सगळ्याच योजना अशा आहेत असं म्हटलं तर तो अन्याय होईल. मुलींना एसटीचा मोफत पास आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बस धावतात. त्या बसचा उद्घाटनाचा फोटो एकदाच निघतो. पण ती रोज सकाळी फाट्यावर येते आणि मुलगी शाळेत पोचते. न आली, तर त्याच दिवशी कळतं, कारण मुलगी फाट्यावरच उभी असते. कायदा जिथे थांबला तिथून पुढे ही बस जाते, थेट बारावीपर्यंत. माझ्या सहा खुणांत ही बस पास होते. तिच्यात अभ्यास आहे, म्हणजे रोजची पुनरावृत्ती. तिच्यात फल आहे, आणि ते मुलीच्या पदरात पडतं.

इथे मला एक परदेशी माणूस मदतीला घ्यावासा वाटतो, तसा तो आपल्याला अगदीच परका नाही. जॉन ड्युई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा ड्युई तिथे शिकवत आणि बाबासाहेबांवर त्यांचा खोल परिणाम झाला. ड्युईंचं लोकशाही आणि शिक्षण यावरचं पुस्तक १९१६ चं. त्यात ते एक साधा भेद करतात. नुसती हालचाल म्हणजे अनुभव नव्हे. मुलानं ज्योतीत बोट घातलं, ही झाली हालचाल. चटका बसला आणि 'मी बोट घातलं म्हणून चटका बसला' हे त्याला जोडता आलं, तेव्हा तो अनुभव झाला. केलेल्याचा परिणाम करणाऱ्याकडेच परत यावा लागतो.

आता आपला वृक्षारोपणाचा उपक्रम घ्या. जुलैत मुलानं रोप लावलं, फोटो गेला. उन्हाळ्यात रोप वाळलं. वाळलं हे मुलाला कुणी दाखवलं का? का वाळलं, हे वर्गात कुणी विचारलं का? नाही. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात दुसरं रोप. मुलाकडे काय परत आलं? काहीच नाही. परिणाम अहवालात गेला. बोट पोराचं आणि चटका कार्यालयाला, असा हा प्रकार आहे. आणि कार्यालयाला चटका कधी बसत नाही!

माझी टीका एवढीच आहे. उपक्रम वाईट नाहीत, शिक्षक आळशी नाहीत, सरकार दुष्ट नाही. आपण परिणामाची वाट चुकीच्या दिशेला काढली आहे. ती मुलाकडून निघून वर जाते आणि तिथेच थांबते. ती फिरवून मुलाच्या दारात आणायची, एवढंच काम आहे. पण ते सोपं नाही.

नुसती टीका करून खुर्चीवर बसणं मला या वयात शोभणार नाही, म्हणून एक सूचना करतो. आमच्या लहानपणी, अकरावी मॅट्रिक होती त्या काळात, आमच्या एका गुरुजींनी आम्हाला शाळेजवळच्या विहिरीचं पाणी मोजायला लावलं होतं. दोराला हातभर अंतरावर गाठी मारायच्या, दर सोमवारी दोर सोडायचा आणि किती गाठी भिजल्या ते वहीत लिहायचं. आलेख म्हणजे काय, सरासरी म्हणजे काय, हे मी त्या दोरावर शिकलो. पुढे मोठमोठे तत्त्वज्ञ वाचले, पण पुरावा म्हणजे काय हे भिजलेल्या गाठीनंच शिकवलं.

आज मी म्हणेन, हायस्कुलानं पाऊस मोजावा. एक सरळ बाजूंचं भांडं, तोंड आणि तळ सारख्या रुंदीचा, आणि एक पट्टी. झाडाखाली नको, पत्र्याजवळ नको, मोकळ्या मैदानात ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खात्याची वेळ तीच असते. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. आणि मोजायचं राहून गेलं तर जागा रिकामी ठेवायची, शून्य लिहायचं नाही. 'पाऊस पडला नाही' आणि 'आम्ही पाहिलं नाही' यातला फरक ज्याला कळला, त्याचं अर्धं तर्कशास्त्र झालं. मोठमोठ्या अहवालांना तो कळलेला नसतो.

आता यात शिकण्यासारखं किती आहे पाहा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एकर म्हणजे साधारण ४,०४७ चौरस मीटर. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकार दरबारी अतिवृष्टी धरतात, हे तुम्हाला नुकसानभरपाईच्या निमित्तानं पाठ आहे. मग एका एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे किती? सुमारे २ लाख ६३ हजार लिटर. दहा हजार लिटरचे २६ टँकर तुमच्या एका एकर सोयाबीनवर एका दिवसात रिकामे झाले! हे गणित नववीच्या पोरानं घरी जाऊन बापाला सांगितलं, तर बाप वही बंद कर म्हणणार नाही.

पुढे जा. कृषी खातं सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. आपण ढग पाहून पेरतो आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर घेतो. नुकसानीचा आणि विम्याचा हिशेब महसूल मंडळाच्या पातळीवर चालतो. मंडळात गावं अनेक, पाऊस मात्र एका शिवारात कोसळतो आणि दुसऱ्यात धूळ असते. मंडळाचा आकडा आणि शाळेच्या मैदानावरचा आकडा शेजारी शेजारी लिहा. शाळेच्या वहीमुळे विमा मिळेल असं मी म्हणत नाही, ती वही कुणी पुरावा म्हणून धरणार नाही. पण आपल्या गावावरचा आकडा कुठून येतो, कसा येतो, हे विचारणारी एक पिढी तयार होईल. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नागरिक म्हणतात तो हाच.

अडचण आहे. राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे शेवटच्या आठवड्यात. मृग ७ जूनच्या आसपास लागतो. म्हणजे पहिला पाऊस सुट्टीत येणार. त्याचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.

आणि उपसंहार? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या चार दिवशी आपल्याकडे ग्रामसभेची प्रथा आहे. २ ऑक्टोबरला पावसाळा सरत आलेला असतो. त्या दिवशी नववीच्या मुलींनी उभं राहून गावाला पावसाचा हिशेब वाचून दाखवावा. भाषण नको, आकडे सांगा. लोक प्रश्न विचारतील, चुका काढतील, "आमच्या वावरात तर जास्त पडला होता" म्हणतील. तोच चटका. तो मुलींना बसेल आणि त्यातून त्या शिकतील. आणखी एक गोष्ट होईल, ती मी मुद्दाम सांगतो. ज्या मुलीच्या वहीची गावाला गरज आहे, तिला शाळेतून काढायला घर दोनदा विचार करेल.

एवढं बोलून थांबतो. काही विचारायचं असेल तर विचारा.

(एका शिक्षकांचा प्रश्न: सर, हे पटतं. पण वरून रोज एक परिपत्रक, एक लिंक, एक माहिती मागतात. आम्ही नाही म्हणू शकतो का?)

नाही म्हणता येणार नाही, आणि मी तुम्हाला तसं सांगितलं तर तो बेजबाबदारपणा होईल. नोकरी तुमची आहे, माझं पेन्शन चालू आहे. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाही. आणि निवडणुकीचं कामही शक्यतो सुट्टीच्या, शिकवण्याव्यतिरिक्तच्या वेळेत द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये म्हटलं आहे. हे कागदावर आहे. कागद एकट्या शिक्षकाला वाचवत नाही, त्याच्यामागे गाव लागतं. म्हणून माझा रोख तुमच्यापेक्षा समोर बसलेल्या पालकांकडे आहे. व्यवस्थापन समितीनं ठराव करावा, की या वर्षी आमच्या शाळेचा मुख्य उपक्रम हा एकच, तो वर्षभर चालेल. बाकीचे वरून आलेले तासाभरात उरका, फोटो पाठवा, त्याबद्दल गाव तुम्हाला दोष देणार नाही. पण या एकात खंड पडला तर गाव विचारेल. शिक्षकाला संरक्षण आणि जाब, दोन्ही एकाच दारातून मिळाले पाहिजेत.

(मागे बसलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: सर, रविवारी पाऊस आला त कोन मोजीन?)

बघा, आम्ही मोठी माणसं पाऊण तास बोलत होतो आणि कामाचा प्रश्न हिनं विचारला. बेटा, याचं उत्तर मी देणार नाही, कारण मी दिलं तर तो माझा उपक्रम होईल. उद्या वर्गात बसा आणि पाळी लावा. शाळेच्या जवळ कुणाचं घर आहे, चावी कुणाकडे राहील, एखादी आजारी पडली तर तिच्या जागी कोण, हे लिहून काढा आणि तो कागद भिंतीवर लावा. आणि एखाद्या रविवारी कुणीच गेलं नाही, तर वहीत काय लिहायचं?

(विद्यार्थिनी: जागा रिकामी ठेवाची.)

शाब्बास. रिकामी ठेवायची, आणि का राहिली ते खाली लिहायचं.